तीस वर्षं जुना फ्लॅट विकण्याआधी मॉड्युलर किचन करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डोंबिवलीत तीस वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके विकायचा आहे, आणि एजंट म्हणतोय चार-पाच लाख घालून मॉड्युलर किचन नि फॉल्स सीलिंग करून घ्या, दहा लाख चढे येतील.

करू नका. निदान ते दोन तरी नकोच. पैसे घालायचेच असतील तर बाथरूमच्या फरशीखाली घाला.

दोन वर्षांपूर्वी मी आमचा कल्याण पश्चिमेचा फ्लॅट विकला. १९९३ ची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आमचा दुसरा मजला. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि घर बंद पडलं. मलाही असाच सल्ला मिळाला होता आणि मी तो अर्धा ऐकला. किचनला हात लावला नाही (शहाणपण म्हणून नव्हे, पैसे नव्हते), पण घराला रंग काढला. तोही जुलैमध्ये. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून होती, तिला वर्षानुवर्षं ओल. आईने तिथे कपाट लावून टाकलं होतं, म्हणजे प्रश्न मिटला. पेंटर म्हणाला, "वॉटरप्रूफ पुट्टी मारतो साहेब, काही दिसणार नाही." पंधरा-वीस दिवस खरंच काही दिसलं नाही.

गणपतीच्या आधी एक कुटुंब घर बघायला आलं. नवरा-बायको हॉलमध्ये एजंटशी बोलत होते, त्यांच्याबरोबरच्या आजी मात्र तडक बेडरूममध्ये गेल्या. कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत हात घातला, तळवा भिंतीला टेकवला, बोटांना लागलेली पांढरी भुकटी अंगठ्याने चोळून बघितली आणि पदराला पुसली. मला एवढंच विचारलं, "रंग आत्ताच काढलात का हो?" मी हो म्हणालो. चहा घेतला, निघाले, पुन्हा फोन नाही.

रंगाचे ४२ हजार गेले होते आणि वर घेणाऱ्याच्या मनात संशय पेरून ठेवला होता. तुम्हा-आम्हाला ओलीचा डाग म्हणजे पन्नास-साठ हजारांचं काम वाटतं. घेणाऱ्याला पाणी कुठून येतंय हेच माहीत नसतं, त्यामुळे तो मनातल्या मनात तीन लाख वजा करतो, नाहीतर सरळ दुसरं घर बघतो.

मग मी ओळखीचा एक म्हातारा प्लंबर आणला. त्याने काहीही फोडण्याआधी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात) प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा बोळा घट्ट कोंबला, फरशीवर दोनेक इंच पाणी साठवलं आणि पाण्याच्या पातळीवर टाइलला पेन्सिलने रेघ मारली. "आता दोन दिवस कडी लावून ठेवा." ४८ तासांनी पाणी रेघेच्या बोटभर खाली आलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी घरात बोलावून त्यांच्या छताचा गोल डाग दाखवला आणि हे गेली चार वर्षं सांगतोय हेही ऐकवलं. ट्रॅपच्या कडेनं पाणी कोब्यात, म्हणजे टाइलखालच्या विटांच्या तुकड्यांच्या नि सिमेंटच्या थरात, मुरत होतं आणि तिथून भिंतीत चढत होतं.

फरशी फोडली, जुना कोबा काढला, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग करून नवा ब्रिकबॅट कोबा घातला, मग टाइल. टाइल बसवण्याआधी पुन्हा तसंच पाणी साठवून बघितलं. ही पायरी कंत्राटदाराला गाळू देऊ नका, तो गाळायला बघतोच. भिंतीतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून निम्मे बुजले होते, तेही त्याच वेळी काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाकले. सगळे मिळून ७८ हजार.

भिंतीचं काम त्याहून कंटाळवाणं. ओलं प्लास्टर कंबरेपर्यंत विटेला लागेस्तोवर खरवडलं आणि भिंत तशीच उघडी सोडून दिली. दिवाळी उलटेपर्यंत खिडक्या उघड्या, पंखा चालू. ओली भिंत रंगवली की पाण्याबरोबर क्षार बाहेर येतात आणि रंगाचे पोपडे धरतात, मग पुट्टी कुठल्या का कंपनीची असेना. प्लास्टर, प्रायमर, रंग असं डिसेंबरात केलं. पांढऱ्याकडे झुकणारा साधा रंग, सगळ्या खोल्यांना एकच.

तुमच्याकडे पाणी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर ते काम वरच्यांनी करायचं असतं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर खर्च सोसायटीचा. सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि बाहेरचं काम पावसाळ्याआधी करून घ्या. जूननंतर परांचीवर कोण चढतं?

आता तुमच्या किचनबद्दल. तीस वर्षं जुनं घर घेणारा माणूस बहुधा आत आपलं काहीतरी करणारच असतो. कोणाला गॅस पूर्वेला हवा असतो, कोणाला ओटा उंच हवा असतो. तुमच्या आवडीचं लॅमिनेट त्याच्या आवडीचं निघेल कशावरून? शिवाय तो कर्ज काढणार. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, येतो तो क्षेत्रफळ, इमारतीचं वय, तिची अवस्था आणि परिसरातला भाव बघतो. ट्रॉल्या मोजत बसत नाही. आमचा जुना कडाप्प्याचा ओटा मी फक्त घासून घेतला आणि सिंकखालचं झुरळांनी भरलेलं लाकडी दार काढून टाकलं. नव्या मालकांनी ताबा घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तो ओटा फोडला. मी चार लाखांचं किचन केलं असतं तर तेही फोडलं असतं.

फॉल्स सीलिंग तर मला उलट धोक्याचं वाटतं. एवढ्या जुन्या इमारतीत जाणता माणूस आधी वर बघतो, स्लॅबचं प्लास्टर सुटलंय का, सळई दिसतेय का. तुम्ही तिथेच पीओपी मारून ठेवलंत तर तो समजायचं ते समजतो. त्यापेक्षा सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करून घेतलं असेल तर त्याची प्रत मागून ठेवा. तीस वर्षांवरच्या इमारतींना ते सक्तीचंच आहे आणि चांगला घेणारा ते विचारतो. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी पुढे गेली असतील तर मात्र आत छदामही घालू नका. तिथे कोणी घर बघत नाही, नव्या इमारतीत चटईक्षेत्र किती मिळणार तेवढं बघतात.

बारीकसारीक कामं एका दिवसात उरकतात. गळणारे नळ, फ्लशची टाकी, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, काळे पडलेले स्विच, जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी. लोक नळ सोडून बघतात, बटणं दाबून बघतात.

आणि माळा. माळा रिकामा करा. आमच्याकडे बाबांचे वीसेक वर्षांचे दिवाळी अंक, पितळी बंब, दोन तुटक्या खुर्च्या आणि एका नातेवाइकाची 'तात्पुरती' ठेवलेली गादी निघाली. ती गादी गेली तेव्हा घरातला अर्धा कुबट वास गेला. पैसे शून्य, भांडणं दोन.

कागदांचं वेगळं लिहीत नाही, पण सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्या नावावर असेल तर रंगाच्या आधी ते हातात घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. माझ्या बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवण्यात भिंत वाळण्याइतकाच वेळ गेला. बिलंही जपून ठेवा. कायमच्या सुधारणेचा खर्च भांडवली नफा काढताना धरता येतो, नुसत्या रंगरंगोटीचा सहसा नाही. तुमच्या सीएंना विचारा.

माणसं आणायचीच तर पितृपक्ष टाळा, त्यात कोणी टोकन देत नाही. आमचं घर फेब्रुवारीत गेलं. एजंटने सुरुवातीला सांगितलेल्या आकड्यापेक्षा दीड लाख कमी मिळाले. घासाघीस झाली ती लिफ्ट नाही यावरून. ओलीचं मी आपणहून सांगितलं, कोबा घालतानाचे मोबाइलवरचे फोटो आणि बिल दाखवलं, त्यावर कोणी एक रुपया कापला नाही.

तुमचा मजला कितवा ते लिहिलं नाहीत. सगळ्यात वरचा असेल तर बाथरूमच्या आधी गच्चीवर एक चक्कर मारून या, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर लगेच.