पहाटेच्या फोनवरचे रडणे

घरापासून दूर गेलेले मूल फोनवर रडले की आई-वडिलांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: त्याला परत बोलवावे का? धुळ्यात समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मला वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, सैन्यात असलेल्या मुलांचे वडील विचारतात, परदेशी शिकायला गेलेल्या मुलींच्या आया विचारतात. काल खळखळून हसत होती, आज हुंदके देते, परवा पुन्हा गाणे म्हणेल. मुलीचे मन ठिकाणावर आहे की बिघडत चालले आहे, ही शंका त्यांना झोपू देत नाही. या शंकेचे सर्वांत कठीण रूप मी ज्या कुटुंबात पाहिले, त्याची हकिकत त्यांच्या संमतीने इथे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे आणि मोहिमेच्या मार्गाचे काही तपशील बदलले आहेत.

वडील अमळनेर तालुक्यातले कापूस पिकवणारे शेतकरी. घरात आणि गावातही त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मुलगी अभियंता, नोकरीनिमित्त नॉर्वेत राहणारी, तिथेच स्की, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून सरकत जाणे, शिकलेली. कित्येक वर्षांच्या तयारीनंतर ती अंटार्क्टिकात, दक्षिण ध्रुवाच्या दिशेने, एकटीच स्कीवर निघाली होती. सामानाने भरलेली घसरगाडी कमरेच्या पट्ट्याला बांधून स्वतः ओढायची, संध्याकाळी तंबू ठोकायचा, बर्फ वितळवून पाणी करायचे आणि रोज ठरलेल्या वेळी उपग्रह फोनवरून मोहिमेची व्यवस्था पाहणाऱ्या तिथल्या छावणीला आपले स्थान आणि प्रकृती कळवायची, असा तिचा नेम होता. तो फोन झाला की ती काही मिनिटे घरी बोलत असे. तिथले घड्याळ चिलीच्या वेळेवर चाले, म्हणून तिच्या रात्रीच्या आठ वाजता अमळनेरला पहाटेचे साडेचार होत.

वेचणीच्या ऐन हंगामात आप्पांचे शेतावरून लक्ष उडाले, जेवण तुटले, तेव्हा त्यांच्या पत्नी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, मनी पोर तठे रडस, नि मी आठे काय करू?”

अशा मोहिमेत मन इतके वर-खाली का होते, हे आधी त्यांना समजावून देणे मला आवश्यक वाटले, कारण असे का होते ते कळले की भीतीला निदान हद्द सापडते. अशा अनेक मोहिमा जिथून निघतात त्या हर्क्युलिस इनलेट नावाच्या किनाऱ्यावरून ध्रुव सुमारे ११३० किलोमीटर दूर आहे आणि समुद्रसपाटीपासून २८३५ मीटर उंचावर आहे. म्हणजे वाट लांब तर आहेच, शिवाय हळूहळू चढतीही आहे. समोरून वारा येतो, त्या वाऱ्याने कोरलेले बर्फाचे कठीण उंचवटे गाडी अडवतात. रोज पाच हजारांच्या आसपास कॅलरी पोटात घालूनही वजन घटत राहते. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे झोपेला रात्र मिळत नाही. ढग खाली उतरले की आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होतात, पायाखालचा चढ-उतारही दिसत नाही आणि होकायंत्राकडे पाहत तासन्‌तास चालावे लागते. भूक, थकवा आणि अपुरी झोप यांनी आपलाही स्वभाव घरबसल्या बदलतो. तिथे तर ही तिन्ही कारणे रोज एकत्र असतात, आणि रागावायला, हसायला किंवा “चल, होईल” म्हणायला दुसरा माणूस नसतो. त्यामुळे वारा पडून ऊन लागले एवढ्यावर माणूस आनंदाने ओरडतो आणि दस्ताना हातातून निसटला एवढ्यावर रडू लागतो.

आप्पांना हे पटले, ते मात्र त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून. रात्रीची वीज असते तेव्हा ते एकटे शेतात पाणी भरायला जातात. बिबट्याचा वावर असतो, मोटार मध्येच बंद पडते, थंडीने बोटे वळत नाहीत, आणि त्या वेळी शेती विकून टाकावी असे वाटते. सकाळी चहा घेताना तेच आप्पा पुढच्या हंगामाचे बियाणे ठरवत असतात. रात्री अडीचला तुम्ही जे बोललात ते कुणी ऐकले असते आणि तेवढ्यावरच तुमची जमीन विकायला काढली असती, तर ते योग्य झाले असते का, असे मी त्यांना विचारले.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मुलगी फोन करत असे तो तिच्या दिवसाचा सर्वांत थकलेला क्षण होता. दहा-अकरा तास चालून झालेले, शरीर रिते, जेवण अजून पोटात गेलेले नाही, आणि कानावर वडिलांचा आवाज. ती रडे, फोन ठेवी, गरम जेवून झोपे आणि सकाळी पुन्हा स्की बांधी. आप्पांचा दिवस मात्र त्या रडण्यापासूनच सुरू होई आणि पुढच्या पहाटेपर्यंत त्यांच्याजवळ तेवढेच शिल्लक राही. तिचे दुःख फोनवर उतरून हलके होत होते, तेच इकडे चोवीस तास तसेच साठून राहत होते. प्रत्यक्षात जी अवस्था तासाभरात संपलेली असे, ती आप्पांच्या मनात दिवसभर चालूच राहत असे.

त्यात त्यांनी वडील म्हणून जे स्वाभाविक तेच केले होते: “रडू नको. जमत नसेल तर परत ये.” परिणाम असा झाला की मुलीचे फोन आखूड होऊ लागले आणि “सगळे ठीक आहे” यापलीकडे ती काही सांगेना. परत आल्यावर ती मला म्हणाली की त्या दिवसांत चालण्यापेक्षा आवाज आनंदी ठेवण्याचेच तिला जास्त ओझे झाले होते.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली अशी की रडणे थांबवायचे नाही. “ऐकतो आहे, सांग” एवढेच म्हणायचे, आणि तिचे बोलून झाले की घरातले साधे काहीतरी सांगायचे: कापसाला भाव काय मिळाला, हरभरा कसा उगवला, म्हैस व्याली का. दुसरी अशी की फोन संपल्यावर आप्पांनी वहीत दोन रकान्यांत लिहायचे. एका रकान्यात तिला काय वाटत होते ते, आणि दुसऱ्यात तिने काय केले ते: जेवण, तंबू, हातापायांच्या बोटांची तपासणी, उद्याचा बेत. काही आठवड्यांनी वही पाहताना त्यांनाच दिसले की पहिला रकाना रोज बदलत होता आणि दुसरा जवळजवळ बदलत नव्हता. रडलेल्या दिवशीही ती ठरलेले तास चालली होती.

कुणीतरी त्यांना मोबाइलवर हेन्री वर्स्ली या ब्रिटिश मोहिमवीराची बातमी दाखवली, तेव्हा ही घडी पुन्हा विसकटली. एकट्याने अंटार्क्टिका पार करताना ७१ दिवसांनंतर, मुक्कामापासून सुमारे ५० किलोमीटर अलीकडे, वर्स्ली यांनी मदत मागितली. विमानाने त्यांना चिलीतल्या पुंता अरेनास येथील रुग्णालयात नेले, पण उदरपोकळीतल्या जंतुसंसर्गामुळे २४ जानेवारी २०१६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ही भीती खोटी आहे असे मी आप्पांना सांगितले नाही, कारण ती खोटी नाही. काळजी कशाची करायची, एवढे मात्र आम्ही नक्की केले. आवाज रडका आहे यापेक्षा आवाज सपाट झाला आहे, बोलणे अडखळते आहे, प्रश्न एक आणि उत्तर दुसरेच येते आहे, जेवण टाळले आहे, तंबूतून निघणे होत नाही किंवा उद्याबद्दल सांगण्यासारखे काहीच नाही, ही लक्षणे गंभीर मानायची; त्यांतली काही शरीराचे तापमान घसरल्याचीही असू शकतात. ती दिसली तर मुलीशी वाद न घालता छावणीला कळवायचे, आणि तो दूरध्वनी क्रमांक आप्पांकडे असायला हवा.

अतिउत्साहाकडेही लक्ष द्यायला मी सांगितले, आणि याचे त्यांना आश्चर्य वाटले. ऊन छान, बर्फ सपाट, मन उसळलेले अशा दिवशी एकटा माणूस विश्रांती गाळतो, दोन तास जास्त चालतो, घामाने कपडे ओले करतो, आणि तोच घाम पुढे गोठून अंगाला थंडी भरवतो. त्याची किंमत पुढचे दोन-तीन दिवस मोजावी लागते. “आज खूपच चालले” असे ती म्हणाली की आप्पा कौतुक करत आणि मग विचारत, “जेवायला किती वेळा थांबलीस?”

एका पहाटे ती म्हणाली की आपल्यासोबत कुणीतरी चालते आहे असे वाटते. आईने त्याच दिवशी धुळ्याला येऊन एकवीरा देवीची ओटी भरली. श्रद्धेने त्यांना धीर मिळत होता, त्यात बोलण्यासारखे काही नव्हते. पण बाहेरची बाधा झाली असे समजून घाबरण्याचे कारण नाही, हे मी त्यांना सांगितले. १९१६ साली ध्रुवीय मोहिमवीर अर्नेस्ट शॅकलटन आणि त्यांचे दोन सोबती दक्षिण अटलांटिक महासागरातल्या साउथ जॉर्जिया बेटाचे डोंगर ओलांडत होते, तेव्हा आपण तिघे नसून चौघे आहोत असे त्यांना वाटत होते, हे शॅकलटन यांनीच लिहून ठेवले आहे. थकलेल्या आणि एकट्या मनाला अशी सोबत जाणवते. आपल्याला असे वाटते आहे याची मुलीला जाणीव होती आणि तिचे काम नीट चालू होते, म्हणून मी त्याला आजार मानले नाही. त्या सोबत्याच्या सांगण्यावरून ती वाट बदलू लागली असती, तर मी वेगळा सल्ला दिला असता.

अर्धी वाट सरल्यावर ती जास्त खचली. ध्रुवीय आणि अवकाश मोहिमांच्या अभ्यासकांनी १९९१ साली असे मांडले होते की निम्मा काळ उलटल्यानंतर मनःस्थिती विशेष ढासळते. पुढच्या अभ्यासांत ते सगळीकडे आढळले नाही. आप्पांना मी एवढेच सांगितले की सुरुवातीची नवलाई संपलेली असते आणि शेवट अजून दिसत नसतो, तेव्हा असे होऊ शकते. प्रीत चंडी यांचे उदाहरणही दिले. पंजाबी कुटुंबातल्या या ब्रिटिश लष्करी अधिकारी ३ जानेवारी २०२२ रोजी ४० दिवसांत एकट्या ध्रुवावर पोहोचल्या. पुढच्या हंगामात सबंध खंड ओलांडण्याचा त्यांचा बेत मात्र ७० दिवस आणि १४८५ किलोमीटर चालूनही पुरा झाला नाही, आणि त्या ठरल्या मुदतीत थांबल्या. थांबणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, पण तो पोटभर जेवून आणि झोपून उठल्यावर घ्यावा, एवढीच अट आम्ही ठेवली. आप्पांनी ती मुलीला कळवली आणि तिने मान्य केली.

ती सुखरूप परतली. गावाने मिरवणूक, बँड आणि सत्काराची तयारी केली होती. तो कार्यक्रम महिनाभर पुढे ढकलायला मी सांगितले, तेव्हा काहींना वाईट वाटले. तरीही माझे मत आजही तेच आहे. इतके दिवस एकटे राहिलेल्या माणसाला गर्दी सोसत नाही, आणि ज्या ध्येयासाठी वर्षे घालवली ते मागे पडल्यावर जी पोकळी येते, ती हारतुऱ्यांनी भरत नाही. घरी तिने वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाल्ली, खूप झोपली, आणि आठवड्याभरात कारण नसताना चिडू आणि रडू लागली. मोहिमेतल्या रडण्यापेक्षा या रडण्याकडे मी अधिक बारकाईने पाहिले, कारण इथे थंडी नव्हती, भूक नव्हती, आणि रोज सकाळी उठून निघायला वाटही नव्हती. झोप आणि भूक पूर्ववत होत आहेत का, आवडत्या गोष्टीत रस येतो आहे का, हे आम्ही पाहत राहिलो. सलग दोन आठवडे उदासी हटली नाही, किंवा जगणे नको असे शब्द तोंडी आले, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे, हे आधीच ठरले होते. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरच्यांकडे दिला होता. तिच्या बाबतीत त्याची गरज पडली नाही. ती हळूहळू सावरली.

आता ती पुन्हा जायचे म्हणते. आप्पांनी मला विचारले, हो म्हणू की नाही म्हणू? तो निर्णय मुलीचा आहे, पण फोनच्या अटी तुम्ही दोघांनी बसून आधीच ठरवा, असे मी म्हटले. त्याप्रमाणे दोघे माझ्याकडे आले आणि त्यांनी चार गोष्टी लिहून काढल्या: आधी जेवून मग घरी फोन करायचा, रडू आले तर लपवायचे नाही, वडिलांनी परत ये म्हणायचे नाही, आणि आप्पांना शंका आली तर त्यांनी छावणीला कळवायचे, त्यावर मुलीने रागवायचे नाही. पाचवी गोष्ट आईने लिहायला लावली: आठवड्यातून एकदा फोन आपल्याला यावा.