पहिलं डीएनए सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचायचं काम, लावतेस ना? मग हे ऐक

अगं, बडोद्याच्या मे महिन्यात एन्झाइमची नळी टेबलावर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून काढली की थेट बर्फात.

सँगरची पद्धत १९७७ची, पण कल्पना अजून झकास वाटते. पॉलिमरेज हे एन्झाइम एकेक अक्षर जोडत डीएनएची साखळी विणत जातं; मध्येच डायडीऑक्सी अक्षर बसलं की विणकाम तिथेच खुंटतं, कारण पुढचं अक्षर जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल त्यात नसतोच. अशा असंख्य अर्धवट साखळ्या लांबीप्रमाणे लावल्या की क्रम वाचता येतो.

खरी गोची साफसफाईत आहे. पीसीआरमधले (डीएनएच्या भरपूर प्रती काढतानाचे) उरलेले प्रायमर (प्रत जिथून सुरू होते ते छोटे तुकडे) आणि सुटे न्यूक्लिओटाइड (डीएनएची सुटी अक्षरं) तसेच राहिले, तर क्रमाचा आलेख म्हणजे नुसता गोंधळ. एक्झोन्यूक्लिएज-१ प्रायमर खातं, फॉस्फटेज न्यूक्लिओटाइड निकामी करतं. ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग ८० अंशांवर १५ मिनिटं, म्हणजे ही दोन्ही एन्झाइमही निकामी. ते ८० अंशांचं मी एकदा शेव-उसळ खायला पळायच्या घाईत गाळलं. नमुन्यांची अख्खी प्लेट वाया!

आणि एका नळीत प्रायमर एकच. दोन घातलेस तर दोन क्रम एकावर एक चढतात. सुरुवातीची ३०-४० अक्षरं धूसरच येतात. नेमकी तीच हवी असतील, तर उलट्या बाजूच्या प्रायमरने वाच.