दोन्ही बाजूंना सामायिक भिंती असलेल्या अरुंद घरात मधल्या खोल्यांना उजेड कसा मिळेल?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याच्या गावठाणात १६ × ५० फुटांचा प्लॉट, रस्ता उत्तरेला, पूर्व-पश्चिमेच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. जुनं घर पाडून दुमजली बांधायचंय. मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागू नये म्हणून गच्चीत ४० चौरस फुटांचं काचेचं छत सुचवलं गेलंय. ते करावं का?

माझं उत्तर: करू नका. तेवढीच जागा, किंबहुना तिच्या दुप्पट, उघड्या चौकाला द्या. काच वापरायचीच असेल तर ती आडवी न ठेवता उभी ठेवा.

आडव्या काचेचं नेमकं काय बिघडतं ते आधी पाहू. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे उन्हाळ्यातलं सगळ्यात कडक ऊन आडव्या काचेवर सरळ पडतं. एप्रिलच्या दुपारी चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट धरले, तर ४० चौरस फुटांच्या साध्या काचेतून अडीच किलोवॅट उष्णता सहज आत येते. वरच्या मजल्यावर दुपारभर गीझर चालू ठेवल्यासारखंच ते. शिवाय हा उजेड वरच्या खोलीतच संपतो. तळमजल्याला हवा असेल तर मधला स्लॅबही कापावा लागेल, आणि एकदा स्लॅब कापायचाच म्हटलं तर सरळ चौकच का नको?

खिडकीचं वरचं टोक जमिनीपासून जितकं उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोहोचतो. लिंटेल, म्हणजे खिडकीच्या वरची आडवी पट्टी, ७ फुटांवर असेल तर १४ ते १७ फूट. तुमच्या ५० फुटांत पुढचे १५ आणि मागचे १५ उजळतील, मधले २० अंधारात राहतील. प्लॅन कितीही फिरवला तरी हे गणित बदलत नाही. म्हणून मांडणी अशी करा: दर्शनी खोली १५ फूट, मग १० फूट लांबीचा चौक, मग १८ फुटांचा मागचा भाग, त्यामागे दक्षिणेला पाचेक फूट मोकळे. अंधारी मधली खोली मग प्लॅनमध्ये उरतच नाही. चौकाची रुंदी ८ फूट ठेवा. उरलेल्या पट्टीत पश्चिमेच्या भिंतीला लागून साडेतीन फुटांचा एकेरी जिना बसतो. चौकाचं क्षेत्रफळ ८० चौरस फूट, म्हणजे प्लॉटचा दहावा भाग. जागा गेली म्हणून हळहळ वाटेल, पण ४ × ४ फुटांचा डक्ट, म्हणजे अरुंद उभी मोकळी पोकळी, काढून पैसे वाचवले असं समजू नका. २० फूट खोल आणि ४ फूट रुंद खड्ड्याच्या तळाशी उजेड जवळजवळ उरतच नाही. चौक जितका खोल, त्याच्या निम्म्याच्या आसपास तरी तो लांब हवा, म्हणून लांबी १० फूट. चौकाची किमान मापं बांधकाम नियमावलीतही ठरलेली असतात, ती नकाशा मंजुरीला देण्याआधीच पडताळा.

चौकात ऊन कसं पडेल हेही काढता येतं. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. तेव्हा चौकाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर वरचे ११ फूटच ऊन लागतं, तळाला नाही. खाली जो उजेड पोहोचतो तो त्या भिंतीवरून परतलेला. म्हणून ती भिंत पांढरी आणि मॅटच हवी. चकचकीत रंग डोळ्यांवर येतो, आणि उघडी वीट बहुतेक उजेड गिळून टाकते. चौकाच्या दक्षिण कडेला गच्चीवर ३ फुटांचा भरीव कठडा बांधलात तर चौक आणखी ३ फूट खोल झाला असं समजा. तिथे रेलिंग लावा. याउलट एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन थेट फरशीवर उतरतं. त्यासाठी गच्चीच्या पातळीला चार कोपऱ्यांत हुक बसवून ५० टक्क्यांची शेडनेट दोन महिने ताणायची आणि जूनमध्ये काढायची.

उजेड लक्स या एककात मोजतात. भारतीय मानकांत स्वयंपाकघराला २०० लक्स, अभ्यासाच्या खोलीला १५० आणि दिवाणखान्याला ५० लक्स नैसर्गिक उजेड धरतात. म्हणून ओटा चौकालगत आणि बसायची जागा आत, उलट नको. नकाशावरच एक चाचणी करून पाहा: जमिनीपासून अडीच फुटांवर, म्हणजे टेबलाच्या उंचीला, बिंदू घ्या आणि तिथून आकाशाचा तुकडा दिसतो का ते सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदाच्या नकाशात, रेषा ओढून बघा. जिथून आकाश दिसत नाही तिथे वाचायचं टेबल ठेवू नका. चौकाकडच्या खिडक्यांचं लिंटेल ७ फुटांवर न थांबवता बीमच्या खालच्या कडेपर्यंत, साडेआठ फुटांवर न्या आणि वरचं दीड फूट उघडणाऱ्या तावदानांचं करा. खिडकी भिंतीच्या मधोमध न घेता काटकोनातल्या बाजूच्या भिंतीला चिकटवून घ्या. ती बाजूची भिंत उजळते आणि खोली मोठी भासते. अंधाऱ्या भिंतीतल्या एकाच लख्ख चौकोनामुळे डोळे दिपतात आणि उरलेली खोली आहे त्याहून काळोखी वाटते.

उभ्या काचेची जागा म्हणजे जिन्याच्या माथ्यावरची खोली. तिच्या उत्तरेच्या बाजूला ८ × २ फुटांची पट्टी पुरे. जूनमध्येही दुपारचा सूर्य तिथे ८५ अंशांच्या वर असतो, म्हणून ६ इंचांचा छज्जा दुपारपुरता भागतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हासाठी काचेच्या बाजूंना बाहेर उभ्या आडोशाच्या पट्ट्या द्या. ही काच पक्की बसवू नका, लूव्हर, म्हणजे उघडणाऱ्या काचेच्या आडव्या पट्ट्या, लावा. गरम हवा तिथून बाहेर पडली तरच खालून चौकातली थंड हवा आत ओढली जाते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत बांधलेल्या ट्यूब हाउसमध्ये हेच तत्त्व होतं, आणि ते घर जेमतेम १२ फूट रुंद होतं. तुम्हाला चार फूट जास्तच मिळालेत.

मागच्या दक्षिणेच्या खिडकीला ४ फूट उंचीमागे २ फूट छज्जा द्या. दीड फुटात मार्चपासूनचा उन्हाळा भागतो, पण ऑक्टोबर हीट भागत नाही. डिसेंबरमध्ये तरीही खालच्या पावणेदोन-दोन फुटांतून ऊन आत येईल, आणि तेव्हा ते हवंच असतं.

आता चौकाचे त्रास, कारण ते कोणी आधी सांगत नाही. संडास-बाथरूमचे व्हेंटिलेटर त्यात कधीही उघडू नका, त्यांचा डक्ट वेगळाच ठेवा. फोडणीचा वास वरच्या बेडरूममध्ये चढतो, म्हणून चिमणीचा पाइप गच्चीच्या कठड्याच्याही वर न्या. चारही भिंती टणक असल्या की आवाज घुमतो आणि खालचं फोनवरचं बोलणं वर स्पष्ट ऐकू येतं. एका भिंतीला खरबरीत गिलावा आणि खाली कुंड्यांची रांग एवढ्याने बराच फरक पडतो. समोरासमोरच्या खिडक्या थोड्या सरकवून घ्या.

पाण्याचं म्हणाल तर तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ८० चौरस फुटांत साडेसातशे लिटरच्या आतच पाणी पडतं. ४ इंची पाइप पुरतो, पण जाळ्या दोन ठेवा, कारण एक पानांनी तुंबतेच. फरशी खोल्यांपेक्षा ६ इंच खाली आणि १०० ला १ उतार. गच्चीचं पाणी चौकात सोडू नका. फरशीला कोटा घ्यायचा तर खरबरीत फिनिशचा, पॉलिश केलेला पावसात घसरतो.

चौकावर पुढेमागे झाकण टाकायची वेळ आलीच तर नुसती टफन्ड काच नको, लॅमिनेटेड हवी. टफन्ड फुटली की तुकडे खाली कोसळतात, लॅमिनेटेडचे मधल्या थराला चिकटून राहतात. पॉलिकार्बोनेट स्वस्त, पण काही वर्षांत पिवळं पडतं आणि पावसात त्याचा आवाज फार होतो. उघडाच ठेवलात तर कबुतरांची जाळी पहिल्याच दिवशी लावा. ती हुकवर अशी बसवा की काढून वरून भिंत रंगवता येईल. चौकाची पांढरी भिंत काळवंडली की तळमजल्याचा उजेड तिच्याबरोबरच कमी होतो.