“आमची मुलगी नेमकी कुठे कमी पडली?”

डिसेंबरच्या मध्यावरचा गुरुवार होता. संध्याकाळी सातला कॉलेजप्रवेशाचा निकाल लागणार हे मला माहीत होतं, त्यामुळे फोन जवळच ठेवला होता. सव्वासातला वाजला.

“ताई, सई दार लावून बसलीये. डिफर झाली. पानावरून उठून गेली, वरणभात तसाच आहे. आणि तिच्या वर्गातल्या त्या मुलाला दुसरीकडे मिळालं हो! त्याचे मार्क हिच्यापेक्षा कमी आहेत, सगळ्या शाळेला माहितीये. मग आमची मुलगी नेमकी कुठे कमी पडली, तेवढं सांगा.”

मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये समुपदेशक आहे. बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज माझ्या हातून जातात. हा प्रश्न दर डिसेंबरला मला येतो, बऱ्याचदा मराठीतून आणि बहुतेक वेळा आईकडून. सईची गोष्ट सांगते ती या प्रश्नासाठी. नाव बदललंय, घरचे तपशीलही बदललेत, आणि सईला व तिच्या आईवडिलांना विचारूनच लिहितेय.

ज्यांच्या घरात अजून ही वेळ आलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित विद्यापीठांत अर्ज दोन फेऱ्यांत घेतात. पहिली फेरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, निकाल डिसेंबरात. दुसरी जानेवारीत, निकाल मार्चअखेर. पहिल्या फेरीचेही प्रकार आहेत. ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक: असा अर्ज एकाच ठिकाणी करायचा, मिळालं तर तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. त्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. ‘अर्ली अ‍ॅक्शन’ बंधनकारक नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा तिसराच प्रकार आहे: बंधन नाही, पण इतर खासगी विद्यापीठांत त्याच वेळी अर्लीचा अर्ज करायचा नाही. सईने असाच एक अर्ज केला होता. ‘डिफर’ म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. अर्ज मार्चच्या ढिगात परत जातो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिघंही माझ्या खोलीत आले. सई खिडकीकडे तोंड करून बसली. तिची आई रडून आली होती. बाबांच्या हातात एक पाकीट होतं आणि त्याच्या मागच्या बाजूला पेनने आकडे लिहिलेले होते. त्या पाकिटाकडे मी जरा वेळाने येते.

त्या दुसऱ्या मुलाच्या अर्जाविषयी मी एक अक्षर बोलू शकत नाही, हे आधी सांगितलं. जसं सईचं त्याच्या घरच्यांना सांगणार नाही, तसंच. मग म्हटलं, “वहिनी, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ही पद्धत सगळ्यांना सारखी आहे का, हा एक. सई कमी पडली का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मला माहितीये. नाही, सारखी नाही.”

सईने मान वळवली. शाळेतलं कुणी असं सरळ सांगेल असं तिला वाटलं नसावं.

मी वहीच्या पानावर आकडे लिहिले. २०२३ च्या डिसेंबरात हार्वर्डने अर्लीच्या ७,९२१ अर्जांतून ६९२ मुलं घेतली, म्हणजे शंभरात जवळपास नऊ. त्या वर्षी एकूण अर्ज ५४,००८ आणि एकूण निवड १,९३७. अर्लीची मुलं वजा केली तर उरलेल्यांत शंभरामागे तीनही भरत नाहीत. ब्राउन विद्यापीठात अर्ली बंधनकारक असते. तिथे त्याच वर्षी ६,२५१ अर्जांतून ८९८ जणांना मिळालं, शंभरात चौदा. नंतरच्या फेरीत शंभरात चारसुद्धा नाहीत. वर्गाच्या जवळजवळ निम्म्या जागा डिसेंबरातच भरलेल्या.

“म्हणजे अर्ली केलं की चान्स तिप्पट,” बाबा म्हणाले.

तसंही नाही, आणि इथेच बहुतेक पालक फसतात. त्या अर्लीच्या ढिगात विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात. आई किंवा वडील तिथेच शिकले अशी ‘लेगसी’ मुलं असतात. सप्टेंबरातच निबंध तयार असलेली, खासगी सल्लागार लावलेली मुलं असतात. ती काढून टाकली तर फरक कमी होतो. पण पुरता जात नाही. हार्वर्डचे दोन प्राध्यापक आणि दुसऱ्या एका विद्यापीठाच्या प्रवेश विभागात काम केलेला एक अधिकारी यांनी २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बाकी सगळं सारखं असलं तरी अर्लीत अर्ज करण्याचा फायदा एसएटी या प्रवेशपरीक्षेतल्या सुमारे शंभर गुणांइतका होतो, असं त्यांना आढळलं. त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली, पण विद्यापीठांचा हिशोब तोच आहे. ज्याला घेतलं तो येणारच, ही खात्री त्यांना हवी असते. खात्री देऊ शकणाऱ्याला ती झुकतं माप देतात.

आता ही खात्री कोण देऊ शकतं? ज्याला चार ठिकाणच्या आर्थिक मदतीची पत्रं समोर ठेवून तुलना करावी लागत नाही, तो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मदत पुरेशी मिळाली नाही तर करारातून सुटता येतं, हे खरं. पण दुसरीकडे जास्त मिळाली असती का, हे कधीच कळत नाही.

विद्यापीठांना हे माहीत नाही असं कुणी समजू नये. २००६ च्या सप्टेंबरात हार्वर्डने अर्लीची फेरी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कारणही उघड सांगितलं: जे आधीच पुढे आहेत त्यांनाच या फेरीचा लाभ होतो. आठवड्याभरात प्रिन्स्टनही मागोमाग आलं. बाकीचे येतील अशी आशा होती. व्हर्जिनिया विद्यापीठ सोडलं तर नाव घ्यावं असं फारसं कुणी आलं नाही. चांगली मुलं डिसेंबरातच दुसरीकडे जाऊ लागली आणि २०११ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन दोघांनीही फेरी परत सुरू केली. मला या गोष्टीचं अजून वाईट वाटतं. चूक कळली, कबूल केली, सुधारूनही पाहिली, आणि शेजारी हलले नाहीत म्हणून पुन्हा होती तिथेच.

सईच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. ती तीन वर्षांची असल्यापासून इथे आहे. बालवाडीपासून याच गावात शिकली. पण बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणून ती एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आणि ग्रीन कार्डची रांग भारतात जन्मलेल्यांसाठी किती लांब आहे हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. सरकारी मदतीचा ‘फॅफसा’ फॉर्म तिला चालत नाही. अनेक खासगी विद्यापीठं तिला परदेशी विद्यार्थी म्हणून मोजतात, आणि परदेशी मुलाने मदत मागितली तर बऱ्याच ठिकाणी निवडीतच ते विरोधात जातं. गरजेकडे न बघता परदेशी मुलांनाही घेणारी ठिकाणं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट अशी काही. सईने अर्लीसाठी त्यांतलंच एक निवडलं होतं. विचार करून निवडलं होतं.

“मग दुसऱ्या प्रश्नाचं काय?” आईने विचारलं.

मी सईकडे बघून बोलले. “काही अर्ज सरळ नाकारतात. तुझा ठेवलाय. तरी मार्चमध्ये होईल असं मी म्हणणार नाही, कारण डिफर झालेल्यांतलेही थोडेच निघतात. पण तू कुठे कमी पडलीस हे त्या पत्रात लिहिलेलं नाही, आणि मीही तुझ्या अर्जात शोधून काढणार नाही. शोधायला बसलं की काहीतरी सापडतंच, आणि मग ते आयुष्यभर खरं वाटत राहतं.”

ती काही बोलली नाही. टेबलावरची वही ओढून घेतली आणि ब्राउनच्या आकड्यांची वजाबाकी स्वतः करून पाहिली.

मग बाबांनी ते पाकीट पुढे केलं.

जानेवारीच्या सुरुवातीला काही विद्यापीठं अर्ली डिसिजनची दुसरी खेप घेतात, तीही बंधनकारक. बाबांनी रात्रभर जागून त्यांतलं एक शोधलं होतं. “मॅडम, इथे मदत नको असं टिक करायचं. चान्स वाढतो. नंतर बघू, मागता येईल.”

पाकिटावर लिहिलं होतं: वर्षाला ९०,०००. गुणिले चार. त्याखाली नाशिकच्या फ्लॅटची अंदाजे किंमत डॉलरमध्ये. त्याखाली ‘एलआयसी’. त्याखाली वजाबाकीची रेघ, आणि तिच्याखाली कोरं.

नाशिकच्या फ्लॅटमध्ये सईचे आजी-आजोबा राहतात. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरात संपलं होतं. व्हिसावरच्या माणसाला नवी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात, आणि त्यांना ती कमी पगारावर घ्यावी लागली होती. यातलं काहीच मला आधी माहीत नव्हतं. माझ्याकडे तीनशेच्या वर मुलं आहेत. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटनाच म्हणते की एकाकडे अडीचशेच्या वर नसावीत. महागड्या खासगी शाळांत हा आकडा फारच लहान असतो आणि तिथल्या समुपदेशकाला घरची परिस्थिती सप्टेंबरातच ठाऊक असते. अर्लीच्या फेरीत हा फरकही मोजला जातो, फक्त कुणी लिहून ठेवत नाही.

मी म्हटलं, “भाऊ, या करारावर तिसरी सही माझी लागते. आज मी ती करणार नाही. परदेशी म्हणून मोजलेल्या मुलाने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर अनेक ठिकाणी पुढची चारही वर्षं मागता येत नाही. त्या विद्यापीठाला आधी हे लेखी विचारा. उत्तर आणा, मग बसू.”

“तिचं नुकसान होऊ द्यायचं का मग?” त्यांचा आवाज चढला. मला त्यांचा राग आला नाही. आपल्यामुळे, आपल्या व्हिसामुळे, आपल्या पगारामुळे मुलीचं अडलं, हे ज्या बापाला दिसतं तो काहीही विकायला निघतो.

तेवढ्यात सई पहिल्यांदा बोलली, मराठीतून. “बाबा, मला ते कॉलेज नकोच होतं. तुम्ही रँकिंग बघून काढलंत. आबांचं घर विकायचं नाही.”

बाबा पाकिटाकडे बघत राहिले. आईने त्यांच्या हातातून ते घेतलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं.

विद्यापीठाचं उत्तर चार दिवसांनी आलं. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर नंतर विचार होणार नाही. तो अर्ज झाला नाही.

नाताळच्या सुट्टीत सईने डिफर केलेल्या विद्यापीठाला एक पानी पत्र लिहिलं: अजून यायचंय, आणि नोव्हेंबरनंतर मी हे हे केलं. पहिल्या मसुद्यात ‘मी पात्र आहे’ हे चार वेळा आलं होतं. चारही वेळा तिनेच खोडलं. जानेवारीत तिने सात ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी आधी मदतीच्या विभागाला ईमेल करून एच-४ च्या मुलाला कोणत्या रांगेत धरता, हे विचारलं. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचा अर्ज नोव्हेंबरातच गेलेला होता, कारण तिथली अर्ली बंधनकारक नाही आणि सरकारी विद्यापीठाला तो तिसऱ्या प्रकारातला नियम आडवा येत नाही.

मार्चच्या शेवटी डिफर केलेल्या विद्यापीठाचा नकार आला. त्या दिवशी आईचा फोन आला नाही, दुसऱ्या दिवशी आला. “रडली. पण जेवली,” म्हणाल्या.

सई आता रटगर्सला आहे. मे महिन्यात माझ्या खोलीत निरोप घ्यायला आली होती, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या मावशीला भेटायला नव्हे, शाळेतल्या मिसला भेटायला. मी तिच्यासाठी पेन घेऊन ठेवलं होतं. ती उभीच राहिली.

“मिस, ते आकडे तुम्हाला आधीपासून माहीत होते ना?”

“हो.”

“मग मला डिसेंबरात का सांगितलेत? अकरावीत का नाही? मला वाटायचं, मीच काहीतरी चुकीचं केलंय.”

तिचं बरोबर होतं, आणि मी तसं म्हटलं. मुलांचा हुरूप जाईल या भीतीने आम्ही समुपदेशक हे आधी बोलत नाही. हुरूप राहतो, आणि निकालाच्या रात्री सगळा दोष मूल स्वतःवर घेतं.

तेव्हापासून एप्रिलमध्ये अकरावीच्या मुलांना आणि पालकांना एका संध्याकाळी शाळेत बोलावते. हार्वर्डचे आणि ब्राउनचे आकडे फळ्यावर लिहिते, खेळाडू आणि लेगसीचं सांगते. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासाचंही सांगते: हार्वर्ड, ब्राउन ज्यात येतात त्या आयव्ही लीग गटाची आठ आणि आणखी चार अशा बारा विद्यापीठांत, परीक्षेतले गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात पोचतात. मग खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर पडद्यावर उघडते. प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर तो असतो, कायद्यानेच ठेवावा लागतो. व्हिसावरच्या घरांना त्यातला आकडा लागू पडेलच असं नाही, म्हणून त्यांच्यासाठी ईमेलचा मजकूर छापून ठेवलेला असतो. तो सईनेच लिहून दिलाय, आणि या एप्रिलला तो घ्यायला तिची आई धाकट्याला घेऊन आली होती. तो अजून आठवीत आहे.