दहावीच्या गणितात समस्याधारित शिक्षण जमतं का, की पोर्शन मागे पडतो?

जमतं. पण धड्याच्या शेवटची शाब्दिक उदाहरणं सोडवून घेतली की झालं समस्याधारित शिक्षण, हा स्टाफरूममधला समज आधी सोडा. सूत्र फळ्यावर लिहून झाल्यावर उरतो तो निव्वळ सराव. रीत हाती नसताना प्रश्न द्यायचा, आणि तो असा निवडायचा की रीतीवाचून मुलांचं अडलं पाहिजे.

वर्गसमीकरणंच घ्या. एका बाजूला भिंत, हाताशी ४० मीटर जाळी, उरलेल्या तीन बाजूंना कुंपण घालून आयताकृती वाफा करायचा. जागा १५० चौरस मीटर हवी, तर मापं काय? धड्याचं नाव फळ्यावर लिहू नका, नाहीतर मुलं प्रश्न न वाचताच नावावरून रीत ओळखतात. भिंतीपासून निघणारी बाजू क्ष धरायची, हेही सांगू नका. पहिली आठ-दहा मिनिटं आकडे घालून बघतात, बघू द्या. बाजू ५ घेतली तर १५०, ८ ला १९२, १० ला २००, १२ ला पुन्हा १९२, १५ ला पुन्हा १५०. हा तक्ता फळ्यावर मांडला की १० च्या अलीकडे-पलीकडे आकडे सारखेच का येतात, हे कुणीतरी विचारतं. नाही विचारलं तर तुम्ही विचारा.

मग मुलांकडूनच क्ष(४० − २क्ष) = १५० हे समीकरण मांडून घ्या; क्ष² − २०क्ष + ७५ = ० चे अवयव (क्ष − ५)(क्ष − १५) सहज पडतात. आता १५० ऐवजी १८० द्या. खरी मेख इथे आहे. आकडे घालून नेमकं उत्तर सापडत नाही आणि क्ष² − २०क्ष + ९० = ० चे सरळ अवयवही पडत नाहीत. १० मध्यावर आहे हे ज्यांच्या लक्षात आलंय, त्यांना (क्ष − १०)² = १० पर्यंत नेता येतं. पूर्ण वर्ग पद्धतीचं नाव आता सांगा, आधी नाही. नंतर २१० विचारा: (क्ष − १०)² = −५. जागा २०० च्या वर जात नाही हे तक्त्यात दिसलेलंच असतं, त्यामुळे विवेचक (ब² − ४अक) ऋण आला की वास्तव मुळं का नाहीत, हे पाठ करावं लागत नाही.

फसतं ते बहुतेक वेळा शिक्षकामुळे. तिसऱ्या मिनिटाला ‘क्ष धरा’ म्हटलं की सगळं मुसळ केरात. सहा-सात जणांचा गट केला की एक सोडवतो, बाकीचे उतरवतात. गटात तिघंच ठेवा आणि फळ्यावर कोण येणार ते तुम्ही ठरवा.

पोर्शनचं म्हणाल तर याला दोन जोडतास लागतात, पण अवयव, पूर्ण वर्ग आणि मुळांचं स्वरूप असे तीन मुद्दे त्यातच मार्गी लागतात.

मात्र प्रत्येक धड्याला हे लावू नका. जीएसटीचे नियम माणसांनी ठरवलेले आहेत, ते शोधून सापडणार नाहीत, सरळ सांगा. (अ − ब)² चा विस्तार कच्चा असेल तर अख्खा वर्ग १८० ला अडकून बसतो, तो आदल्या दिवशी पक्का करून घ्या. शिवाय बीजगणितात नवख्यांना सोडवून दाखवलेल्या उदाहरणांचा जास्त फायदा होतो, हे स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवलंय. म्हणून १८० झाल्यावर तशीच दोन समीकरणं पायरी न गाळता फळ्यावर सोडवून दाखवा आणि मगच सराव द्या.