मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला 'द लायन किंग' दाखवावा का? तुम्ही लहानपणी पाहिला तेव्हा छोट्या सिंहाचे, सिंबाचे, बाबा मुफासा मरतात तो सीन झेपला होता का?

दाखवा. आणि तो सीन अजिबात फॉरवर्ड करू नका, खरं तर याच एका गोष्टीसाठी उत्तर लिहायला बसलेय कारण माझ्या बाबतीत नेमकं तेच झालंय.

आमच्याकडे १९९४ चा तो सिनेमा कॅसेटवर होता आणि रिमोट कायम मावशीकडे. घळीत विल्डबीस्टचा, म्हणजे हरणांच्या जातीतल्या मोठ्या जनावरांचा, कळप उतरायला लागला की ती फॉरवर्ड करायची, स्क्रीनवर पांढऱ्या रेघा, धूळ, कोणीतरी पळतंय एवढंच दिसायचं आणि परत सुरू झालं की छोटा सिंबा वाळवंटात एकटाच पडलेला. त्याचे बाबा कुठेत विचारलं की "असतील इकडेच, बघ आता त्याचा मित्र टिमोन येईल." मला सिंबाचा भयंकर राग यायचा. बाबा घरी वाट बघत असतील आणि हा खुशाल किडे खात गाणी म्हणतोय! मोठेपणी त्याची बालमैत्रीण नाला भेटते, परत चल म्हणून एवढी भांडते तरी हा तयार नाही. आणि ढगात बाबा दिसतात तेव्हा तर काहीच कळायचं नाही, घरी असलेला माणूस ढगात कशाला जाईल?

मग एकदा मावशी आत कामात असताना ताईने लावला आणि फॉरवर्ड केलाच नाही. सगळा कळप निघून जातो, धूळ खाली बसते, सिंबा बाबांना डोक्याने ढकलून बघतो, कान धरून ओढतो, मदतीला कोणी येतंय का म्हणून ओरडतो आणि कोणीच येत नाही म्हटल्यावर त्यांच्याच पंजाखाली शिरून झोपतो. मी ताईला चिकटून हमसून हमसून रडले. पण लगेच त्याचा दुष्ट काका स्कार येतो, त्या एवढ्याशा पोराला पटवतो की हे तुझ्यामुळेच झालं, पळून जा, आणि मला अख्खा सिनेमा तिथे कळला. तो घरी का जात नाही ते कळलं. माझा राग तिथेच संपला.

मावशी बाहेर आली ती ताईवरच ओरडली, कशाला रडवलंस तिला म्हणून. आमचा हा वाद आजही चालू आहे. तिचं म्हणणं, दुःख कळायला पुढे आयुष्य पडलंय. माझं म्हणणं, मूल रडलं म्हणजे त्याचं वाईट झालं असं नसतं, त्याच्यापासून लपवलं की मात्र ते भलतंच काहीतरी समजून बसतं. बाकी सिनेमा हाताने काढलेला पण तो कळप कॉम्प्युटरवर केलाय, त्या दोन-अडीच मिनिटांसाठी लोक दोन वर्षांहून जास्त राबले. संगीत देणाऱ्या हान्स झिमरचे वडील तो लहान असतानाच गेले होते, ते संगीत त्याने त्यांच्या आठवणीत केलं असं त्याने स्वतः सांगितलंय, ऑस्कर मिळालं त्याला. तोच भाग फॉरवर्ड करायचा?

बरं, भीतीचं म्हणाल तर १९४२ च्या 'बांबी'मध्ये आई मरते ती पडद्याबाहेर, फक्त गोळीचा आवाज येतो. इथे बाबा समोर पडलेले दिसतात, पण रक्त वगैरे काही दाखवलेलं नाही. माझ्या मते लहान मुलं तरसांना आणि कळपाच्या आवाजाला जास्त घाबरतात, तेव्हा आवाज थोडा कमी ठेवा आणि शेजारी बसा, मोबाईल घेऊन नाही, नीट बसा. बाबा मेले का विचारलं तर हो म्हणा, झोपलेत म्हणू नका.

२०१९ चा रिमेक आधी लावू नका, सिंह हुबेहूब खरे केलेत पण चेहऱ्यावर काही हलतच नाही, मुलाला कळणार कसं की सिंबाला काय वाटतंय.

आणि हो, घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा तुमचा मुलगा फारच हळवा असेल तर सहा महिने-वर्ष थांबा, काही बिघडत नाही. पण दाखवाल तेव्हा पूर्ण दाखवा.