कागद कोरा राहिला, त्यात अ‍ॅनोटेशनचा दोष नाही

तुझं पत्र मिळालं. तिसरं वर्ष, हिंजवडीत इंटर्नशिप, आणि तिथे जावाच्या कोडमध्ये क्लासवर एक अ‍ॅनोटेशन (@ ने सुरू होणारी खूण) लावलं की बाकीचा कोड आपोआप तयार. मात्र मुलाखतीत 'इम्युटेबल क्लास हाताने लिही', म्हणजे ज्याची वस्तू एकदा तयार झाली की बदलत नाही असा क्लास, म्हणाले तेव्हा तुला दोन ओळींपलीकडे जमेना. आता इंटर्नशिप सोडून डेक्कनवरच्या जावाच्या शिकवणीला जाऊ का, असं विचारतोस.

सोडू नकोस. शिकण्याचं सगळं सामान तुझ्यासमोरच आहे, फक्त ते तू अजून उघडून पाहिलेलं नाहीस.

या रविवारी पुणे-नाशिक एसटीच्या तिकिटाचा क्लास लिही, तोही कागदावर. प्रवाशाचं नाव, तारीख, थांब्यांची यादी. क्लास फायनल, फील्ड (आतली माहिती) प्रायव्हेट आणि फायनल, सेटर, म्हणजे ती माहिती नंतर बदलणारी मेथड, एकही नाही. इथवर बहुतेक मुलं पोचतात. अडतात ती यादीपाशी. बाहेरून आलेली यादी तशीच ठेवलीस, तर ज्याने ती दिली तो उद्या तिच्यात संगमनेर घालेल आणि तुझं न बदलणारं तिकीट बदलेल. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे तिकीट तयार करणाऱ्या कोडमध्येच, तिची प्रत घ्यायची. जावा १० पासून त्यासाठी लिस्ट.कॉपीऑफ आहे. तारखेसाठी जुना डेट नको, तो बदलता येतो. जावा ८ मधला लोकलडेट घे. मग इक्वल्स आणि हॅशकोड: पहिलं दोन तिकिटं सारखी आहेत का ते ठरवतं, दुसऱ्याच्या आकड्यावरून हॅशमॅप आपल्यातली वस्तू शोधतो. बदलता येणारं तिकीट हॅशमॅपची की म्हणून ठेवलं आणि नंतर त्यातलं नाव बदललं, तर हॅशकोडही बदलतो आणि मॅपमध्ये असूनही ते सापडत नाही. मुलाखत घेणाऱ्याला तुझ्याकडून हे कारण ऐकायचं असतं.

हे झालं की त्याच तिकिटाला अ‍ॅनोटेशन लाव. इम्युटेबल्स किंवा ऑटोव्हॅल्यू यांपैकी एखादी लायब्ररी वापरत असाल, तर कंपाइल होताना अ‍ॅनोटेशन प्रोसेसर नवी जावा फाइल लिहितो. मेव्हन हे बिल्डचं साधन वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ती टार्गेटखालच्या जनरेटेड-सोर्सेस फोल्डरात मिळेल. ती ओळ न् ओळ वाच, तुझ्या कागदाशेजारी ठेवून. लोंबॉक या लायब्ररीचं तंत्र निराळं: तो वेगळी फाइल करत नाही, कंपायलरच्या आतच तुझ्या क्लासात भर घालतो. त्याने काय लिहिलं ते त्याचंच डीलोंबॉक हे साधन चालवून दिसतं.

वाचताना यादीकडे नीट बघ. इम्युटेबल्स तिची प्रत स्वतः घेतं. लोंबॉकचं व्हॅल्यू हे अ‍ॅनोटेशन घेत नाही. २०२१ साली जावा १६ मध्ये पक्का झालेला रेकॉर्ड, म्हणजे असा कोड आपोआप देणारा जावाचाच क्लासचा प्रकार, तोही घेत नाही; तिथे कन्स्ट्रक्टरमध्ये ती ओळ तुलाच लिहावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून 'इम्युटेबल' म्हणवणारा पण आतून बदलणारा क्लास सहज प्रॉडक्शनला जातो. अशा चुका शोधायला फार त्रास होतो, म्हणून मी इतकं खोलात सांगतोय.

सोमवारी तुझ्या सिनियरना विचार, आपल्या प्रोजेक्टला हीच लायब्ररी का घेतली, रेकॉर्ड का नाही? जुना जावा, बिल्डरची (वस्तू टप्प्याटप्प्याने तयार करणाऱ्या कोडची) गरज, काहीतरी कारण असेलच. ते काय म्हणाले आणि तुझ्या कागदावर काय राहून गेलं होतं, दोन्ही मला कळव.